वाऱ्याचा गोवर

"डॉक्टरीणबाई, वाऱ्यानं गोवर होतो का हो?"

विचारलं आणि रोझवीनं जीभ चावली. प्रश्न तिचा नव्हताच मुळी. काल कुंपणापलीकडून चेरमी आणि आयसा या मैत्रिणींनी पैज मारली होती, "हिंमत असेल तर विचार! नाहीतर बस अंधारात, त्या पिटुकल्या पाद्रीबाबाला मांडीवर घेऊन!"

पाद्रीबाबा म्हणजे तिचा दीड वर्षाचा भाऊ, दोदोंग. त्याच्या गालांवर, हातापायांवर लाल पुटकुळ्या उठल्या, तशी आईनं, म्हणजे नानायनं, त्याला नखशिखांत काळे कपडे चढवले. बेटावरची रीतच ती. वाऱ्याचा गोवर झाला की अंगावर काळं, आंघोळ बंद, खिडक्या बंद, फटींत चिंध्या. नानाय बाजारात सुकी मासळी विकणार, तातय, म्हणजे बाबा, होडीवर जाणार. मग पोराजवळ बसणार कोण? रोझवी. गेले अकरा दिवस!

अकरा दिवस ती छतातल्या पालीशी बोलली. पाल निदान चुकचुकायची तरी. शेजारणी दारावरून नाक झाकून जायच्या, मैत्रिणी कुंपणापर्यंतच. दुपारी शाळेच्या वाद्यपथकाचा सराव चाले. वारा अडवाल हो, आवाज कसा अडवाल? तिच्या झांजा आता दुसरंच कुणीतरी वाजवत होतं, तेही दर वेळी अर्धी मात्रा उशिरा! रोझवी अंधारात बसून बरोबर जागेवर टाळी द्यायची. ऐकायला होता फक्त दोदोंग, आणि तो खाजवण्यात गुंग.

आज बुधवार, आरोग्य केंद्रात डॉक्टरीणबाईंचा वार. नानायची पाठ वळली तशी रोझवीनं दोदोंगला कडेवर मारलं आणि सुटली. वळणावर समुद्राचा वारा सामोरा आला. दोदोंगनं आ वासून तो वारा खाल्ला, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसला.

डॉक्टरीणबाईंनी काळा सदरा वर केला. "पोट बघ, पाठ बघ. आहे का काही? गोवर असता तर इथंही असता, आणि पोर तापानं फणफणलं असतं. आधी सर्दी झाली होती ना याला?"

"हो, दोन आठवड्यांपूर्वी."

"त्याच विषाणूनं उठलंय हे. महिना-दीड महिना राहील, आपोआप जाईल. वाऱ्याचा काही संबंध नाही. घाल आंघोळ, उघड खिडक्या. आणि तू गं, शाळा सोडून इथं काय करतेस?"

पैज जिंकली होती. पण रोझवी हलली नाही. पुढचा प्रश्न तिला कुणी विचारायला लावला नव्हता.

"आणि खरा गोवर झालेल्या बाळाला कुणी वाऱ्यात नेलं... आणि ते गेलं, तर?"

रोझवीच्या पाठची बहीण, लिलेत. तिला अंगावर घेऊन नानाय धक्क्यावर गेली होती, तातयची होडी येताना बघायला. तीन दिवसांनी लिलेत गेली. घरात तिचं नाव निघत नसे. नानाय मात्र पुन्हा कधी धक्क्यावर गेली नाही.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "वाऱ्यानं नाही जात गं पोर. गोवर छातीत उतरतो, त्यानं जातं. ज्यानं नेलं त्याचा काही दोष नाही."

संध्याकाळी नानाय आणि तातय भात-मासळी खायला बसले, तेव्हा रोझवीनं उठून खिडकीच्या फटीतली चिंधी ओढून काढली.

"अगं इंदाय, अगं पोरी, वारा येईल!" नानाय किंचाळली.

"येऊ दे." रोझवीनं दुसरी चिंधी काढली. मग दुपारपासून मनात घोकलेलं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, आणि लिलेतचंही, नाव घेऊन. तातयचा घास हातातच राहिला. नानाय खिडकीकडे बघत राहिली.

"तर मी ठरवलंय," रोझवी म्हणाली. "उद्या सकाळी दोदोंगला आंघोळ घालणार. मग मी शाळेत जाणार. आणि तातय, तुमची होडी येईल तेव्हा आम्ही सगळे धक्क्यावर असू. दोदोंगला मी घेणार नाही. नानाय घेईल."