तांबडीची ओटी

कडूबानं झेंडूची माळ नव्या जीपच्या नाकावर बांधली, आरशाखाली लिंबू-मिरची लटकवली आणि उरलेली दुसरी माळ हळूच पिशवीत कोंबली. खंडेनवमी होती. घनसावंगीत त्या दिवशी ज्याच्या दारात चाक आहे त्याच्या दारात नारळ फुटतो.

"ती दुसरी माळ कोनाला?" पूजेचं ताट घेऊन आलेल्या दुर्गाबाईनं विचारलं.

"हापशीला."

"हापशी कधीपास्नं फुलं माळायला लागली?"

कडूबानं बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि बायकोकडे बघायचं टाळलं. कालच ती परतूरला बहिणीकडे, झुंबरबाईकडे, जाऊन आली होती. तिथलं काही तिच्या कानावर आलं असेल का, याची त्याला उगाच धाकधूक होती.

नवी जीप पांढरीशुभ्र होती, एका चावीत सुरू व्हायची. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती आणि नेमकं तेच कडूबाला सलत होतं. आधीची तांबडी बारा वर्षं त्याच्याजवळ होती. तिला घाटात चुचकारावं लागायचं, थंडीत ढकलावं लागायचं. शेवटची सवारी उतरली की तो दारात येऊन हॉर्न द्यायचा. दुर्गाबाई पदर खोचून पुढच्या सीटवर बसायची आणि दोघं गोदावरीच्या काठापर्यंत उगाच चक्कर मारून यायची. लोक हसायचे. मूलबाळ नसलेल्या घराला संध्याकाळ काढायला काहीतरी लागतंच. नव्या जीपमध्ये ती एकदाही पुढे बसली नव्हती. म्हणायची, सीट फार उंच आहे.

मागच्या वर्षी हसनाबादला वऱ्हाड घेऊन गेलेला कडूबा पंगतीला बसला आणि हात धुऊन बाहेर येतो तो तांबडी जागेवर नाही. विम्याचा एजंट धर्मराज भला माणूस. त्यानं चार महिने खेटे घातले, कडूबाकडून दोन्ही चाव्या घेतल्या, सह्या घेतल्या आणि कंपनीकडून पैसे आणून दिले. पांढरी दारात आली. कडूबानं तिच्या स्टेअरिंगला जाडजूड साखळी घातली, तेव्हा स्टँडवरची पोरं म्हणाली, बैल गेला अन् झोपा केला.

आणि मग, सगळं निस्तरल्यावर, तांबडी सापडली. परभणीकडे कुणाच्या तरी उसात, चाकं काढून नेलेली. कडूबा पेढे घेऊन धर्मराजकडे धावला.

"घावली आपली गाडी!"

"कंपनीची गाडी घावली, कडूबाभाऊ. तुमी पैसे घेतले. आता ती तुमची न्हाई."

"म्या कुठं इकली तिला? चोरानं नेली."

"चोरानं नेली तवा तुमची व्हती. घावली तवा कंपनीची."

"मंग मधी उसात व्हती तवा कोनाची व्हती?"

धर्मराजनं पेढा तोंडात टाकला आणि या प्रश्नाचा विचार पुढे ढकलला.

कंपनीनं तांबडी भंगारात काढली. परतूरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमागच्या आवारात ती पडून होती, आणि दसरा झाला की भंगारवाला ती तोडणार होता. घरी हे सांगताना कडूबाचा आवाज चिरकला होता. दुर्गाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"बरं झालं. सवत गेली एकदाची."

त्या दिवसापासून त्याला तिचा राग होता. बाईच्या जातीला एवढं कोरडं राहता येतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

परतूरची सवारी भरली. लोकांना बाजारात उतरवून कडूबानं पांढरी जिनिंगच्या अलीकडेच उभी केली. तांबडीसमोर नव्या गाडीतून उतरणं त्याला बरं वाटेना. फाटकावर म्हातारा राखणदार तंबाखू मळत होता.

"लाल जीप बघायची व्हती जरा."

"बघा की. कालधरनं तिच्याकडं लईच येणंजाणं हाय."

तांबडी चार दगडांवर टेकली होती. काचा गेल्या होत्या, रंग उडाला होता. पण कपाळावर हळदकुंकवाची ताजी बोटं होती. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, हिरवा खण अंथरलेला होता. त्यावर नारळ, हळकुंड, सुपारी आणि ओंजळभर गहू. खण कडूबानं ओळखला. मेहुण्यानं भाऊबीजेला दिलेला हा खण दुर्गाबाईनं दोन वर्षं पेटीतून बाहेर काढला नव्हता.

"काल एक बाई आल्त्या," राखणदार मागून म्हणाला. "नारळाला हात लावू नका म्हणल्या. म्या म्हणलं, बाई, ही काय देवी हाय का? तर म्हणल्या, सासरी चालली. अन् डोळे पुसत गेल्या."

कडूबा दांडीला धरून उभा राहिला. त्याच्या आणि दुर्गाबाईच्या संसारातून आजवर कुठल्या लेकीची पाठवणी झाली नव्हती. त्यानं माळ काढून तांबडीला घातली. वाकता वाकता त्याला आई आठवली. बहिणींची ओटी भरली की त्यातले चार दाणे आई मागं ठेवून घ्यायची, म्हणजे लेक माहेरची वाट विसरत नाही. त्यानं आजूबाजूला बघितलं. राखणदार फाटकाकडे वळला होता. कडूबानं खणावरचे चिमूटभर गहू उचलले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

घरी परतला तेव्हा दुर्गाबाई दारातच बसली होती.

"घातली का हापशीला माळ?"

"घातली."

ती पायरीवरचा झेंडू एका बाजूला करत राहिली.

"कालपास्नं जिवाला घोर लागलाय," ती म्हणाली. "ओटी भरली, पन रडण्याच्या नादात मागचे दाणे घ्यायची इसरले. तुमी आणले का?"

कडूबानं खिशात हात घातला. दुर्गाबाईनं पदर पुढे केला.