पाताळबाबाचा दगड

ओतशाळेच्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्याच्या, आवारात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. खिळ्यांचे घोस धरणारा, दोरीला टांगलेला काळा दगड बाकावरच्या एकेका आजाऱ्याकडे आपोआप वळायचा आणि बघ्यांच्या अंगावर काटा यायचा.

"पाताळातल्या आगीतून वर आलाय हा!" पाताळबाबा गरजला. "आग मोठी, तेवढी ओढ मोठी! खिळे धरतो, तो रोग सोडेल होय?"

दगड शिंपीणबाईच्या लेकीकडे वळला. बाईचे हात जोडले गेले. पोरीला फिट्स यायच्या. "ताई, गोळ्या बंद कर. माझ्यावर भरवसा नाही?" असं बाईच्या पाठच्या भावानं, इथल्याच भट्टीवाल्यानं, सांगितलं होतं. भरवसा होता, म्हणूनच तिनं गोळ्या थांबवल्या. काल पोर शेगडीपाशी कोसळली, थोडक्यात वाचली. "रोग बाहेर पडतोय," भाऊ म्हणाला होता.

बाईची नणंद कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. ती पुढे झाली. "आग मोठी तर ओढ मोठी ना, बाबा? मग घालू या भट्टीत."

बाबा चपापला; पण गर्दीच ओरडली, "घाला, घाला!"

एका कामगारानं दगड लालबुंद तापवून सांडशीनं बाहेर काढला. मघाशी खिळ्यांचे घोस धरणाऱ्या त्या दगडाला आता एक खिळा चिकटेना.

"हा डोंगरात मिळणारा चुंबकी दगड," नणंद म्हणाली. "फार तापला की त्याचं चुंबकत्व जातं. जमिनीत जितकं खोल जावं तितकी उष्णता वाढते. एका खोलीनंतर खडकांत चुंबकत्व टिकतच नाही. पाताळातली ओढ म्हणे!"

"मग माझ्या पोरीकडे वळला कसा?" बाईनं विचारलं.

नणंदेनं होकायंत्र काढून बाकामागून फिरवलं. सुई गर्रकन वळली ती तिथं उभ्या असलेल्या बाईच्या भावाच्या कमरेकडे. तो ज्याच्या मागे उभा राही, त्याच्याकडे दगड वळे. बाईनं स्वतः त्याचा सदरा वर केला. पट्ट्यात जुन्या स्पीकरचं चुंबक बांधलेलं होतं.

"हे ढोंग आहे, तुला ठाऊक होतं?"

"ताई, लोक पाया पडायला लागले गं माझ्या... कधी नव्हे ते कोणीतरी विचारत होतं मला."

"आणि काल ती पडली तेव्हा?"

त्यानं सदरा खाली ओढून चुंबक झाकलं.

बाबानं मागच्या फाटकातून पळ काढला, लोक त्याच्या मागे धावले. बाईनं तिकडे पाहिलंही नाही. लेकीचा हात धरून ती दवाखान्याच्या वाटेला लागली.

"आपलाच माणूस म्हटल्यावर कोण शंका घेईल, बाई?" शेजारीण हळहळली.

बाई थांबली. "आपल्याच माणसाला आधी विचारा, 'हे कसं होतं, दाखव.' मला विचारायची लाज वाटली. भोगलं मात्र हिनं."