कडीचा जवाब

“याला कागद नको लावू, निशा. चार घरं हायेत, चार कड्या हायेत. बास झालं.”

गोजरबाई हे म्हणाली तेव्हा उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती, आणि निशानं ते हसण्यावारी नेलं होतं. जुनं माणूस, कागदाला भिणारच. निशा बी.कॉम. झालेली. सव्वा वर्षाच्या सायलीनं कधी किती दूध घेतलं, कितीदा शिंकली, ताप किती होता, सगळं ती वहीत लिहायची. लिहिलेलं हरवत नाही, एवढ्यावरच तिचा जीव टिकून असायचा.

औरंगपुऱ्याच्या मागच्या त्या बोळात एक रिवाज होता. सत्तरी ओलांडलेली गोजरबाई एकटी राहायची. सकाळी साडेसहाला दुधाची पिशवी आत घ्यायला दार उघडलं की ती बाहेरची कडी दोनदा वाजवायची. खण, खण. समोरून निशा, शेजारून लीलाबाई, पलीकडून केसरबाई आपापली कडी दोनदा वाजवून जवाब द्यायच्या. कडी वाजली नाही तर ज्याच्या ध्यानात येईल त्यानं जाऊन बघायचं. दाराच्या लॅचची जादा किल्ली निशाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असायची. एवढाच कारभार.

मागच्या उन्हाळ्यात सायली तापानं फणफणली होती. त्या गडबडीत कडी वाजली की नाही हेच निशाला आठवेना. चपला न घालता ती धावत गेली, तर गोजरबाई भाकरी थापत होती. “जित्ती हाय, बघ,” म्हणून हसली. पण निशाच्या मनातून ते जाईना. उद्या खरंच विसरलो तर? कुणा एकाची नेमून दिलेली जबाबदारी नको का?

कोपऱ्यावरचे बद्रीनाथकाका एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होते. ते हे ऐकून खुललेच. “चार घरांचं कसलं मंडळ, पोरी? आजूबाजूच्या तीन गल्ल्या घेऊ. नियमावली करू.”

नियमावली निशानंच टाइप केली. नमुना काकांचा, पाण्याच्या तक्रारींसाठी कधीकाळी केलेला. त्यात ‘नळ’ काढून ‘कडी’ घालायचं होतं, बस. म्हणून कलम सहा असं उतरलं: ‘कडी न वाजल्यास लाभार्थीने चोवीस तासांच्या आत लेखी कळवावे.’ बैठकीत हे मोठ्यानं वाचलं गेलं. बत्तीस सभासदांत कुणाला हसू आलं नाही. निशालाही नाही.

काका अध्यक्ष, निशा सचिव. पाळ्यांचा तक्ता निघाला. ज्याची पाळी त्यानं कडी ऐकायची आणि वहीत सही करायची. बाकीच्यांनी जवाब द्यायचा नाही, नोंदीत घोळ होतो. किल्ली लाखेनं बंद केलेल्या पाकिटात काकांच्या कपाटात गेली. गोजरबाई मात्र रोज कडी वाजवून जरा वेळ उंबऱ्यात थांबायची. मग आत जायची.

तो मंगळवार. सुदर्शन, निशाचा नवरा, पहिल्या शिफ्टला वाळूजला गेला होता. सायलीला पेज भरवता भरवता निशाचं घड्याळाकडं लक्ष गेलं. पावणेसात. कडी वाजली होती का? तिनं फ्रीजवरचा तक्ता बघितला. मंगळवार, केसरबाई. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं पुढचा घास भरवला.

पुढं कितीतरी दिवस तिला आठवत राहिला तो हा घास.

आठ वाजता कपडे वाळत घालायला ती बाहेर आली. समोरच्या निळ्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. पिशवीचं पाणी खाली फरशीवर ठिबकून वाळलंसुद्धा होतं.

“लीलाबाई, केसरबाई कुठं दिसल्या का हो?”

“ती? ती कालच कन्नडला गेली की, भाचीच्या लग्नाला. बदलीचा अर्ज दिलाय म्हनली बद्रीनाथभाऊकडं.”

सायलीला कडेवर घेऊन निशा कोपऱ्यावर धावली. काका पेपर वाचत होते.

“आलाय ना अर्ज.” त्यांनी चष्मा चढवून फाईल उघडली. “मंजुरी रविवारच्या बैठकीत.”

“म्हणजे आज पाळी कुणाची?”

“केसरबाईचीच.”

“त्या कन्नडला आहेत, काका!”

“कागदावर इथंच आहेत.”

“बरं, मला किल्ली द्या. दूध तसंच लटकलंय बाहेर.”

“दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. एक माझी, आणि...”

“आणि माझी. आणा.”

काका घुटमळले. “तक्रार पण तुझीच ना? तक्रारदारानं सही करायची नाही. कलम अकरा. तूच टाइप केलंयस, पोरी.”

“आत ती मरून पडली असेल तर कोणतं कलम लावता?” निशाचा आवाज चढला तशी सायली रडायला लागली.

काकांनी फाईल मिटली. “एका सहीपायी तीन वर्षं चौकशी चालली होती माझी. काम खरं होतं. सही तेवढी चुकीच्या रकान्यात पडली.” ते कपाटाकडं बघत राहिले. उठले नाहीत.

निशा परत फिरली. निळ्या दारापुढं येऊन तिनं थाप मारली, हाका मारल्या. आतून काही नाही. बोळात एक रिक्षा धडधडत उभी होती, सायलीचं रडणं चालूच होतं. आणि मग तिचा हात कडीवर गेला. किती महिन्यांनी. तिनं दोनदा वाजवली.

“भाऊ, रिक्षा बंद करा!”

“क्या हुआ, भाभी?”

“बंद करो पहले!”

रिक्षा बंद झाली. लीलाबाई हातात लाटणं घेऊन दारात आली होती. सायलीसुद्धा हुंदका अडकल्यागत गप्प झाली. निशानं पुन्हा कडी वाजवली. खण, खण.

आतून, लांबून, कुणीतरी लोखंडी पाइपावर भांडं आपटावं तसा आवाज आला. टण. बऱ्याच वेळानं दुसरा. टण.

लीलाबाईचा चेहरा उतरला. “अगं बया. ह्यो आवाज तर म्या सातपासून ऐकतेय. वाटलं कुनी नळ दुरुस्त करतंय. माझी पाळी नव्हती ना आज.”

“काका!” निशा इतक्या जोरानं ओरडली की बोळातल्या खिडक्या उघडल्या.

काका येतच होते. अनवाणी, हातात पाकीट. लाख फुटू नये म्हणून ते नखानं कडा सोडवायला बघत होते आणि बोटं ऐकत नव्हती. निशानं पाकीट हिसकावून दातांनी फाडलं. लाखेचा तुकडा जिभेवर आला तो तिनं तिथंच थुंकला. किल्ली फिरली.

गोजरबाई मोरीत पडली होती. पाय मुडपलेला, लुगडं ओलं, ओठ पांढरेफटक. मुठीत तांब्या.

“साडेपाचपासून वाजवतेय,” ती म्हणाली. मग त्या तिघांकडं आळीपाळीनं बघत तिनं विचारलं, “कुनाची पाळी व्हती ग आज?”

रिक्षावाल्यानंच पुढं होऊन म्हटलं, “चलो, मौसी को उठाते हैं, हळू,” आणि फळी आणा, चादर आणा, अशी धावपळ सुरू झाली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आणखी दोन तास गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. दीड महिन्यानं गोजरबाई वॉकर धरून घरी आली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला कडी वाजली, जरा अशक्त. समोरून, शेजारून, पलीकडून जवाब गेला. आणि कोपऱ्यावरूनही. काकांच्या दाराला बेल होती; त्यांनी गुपचूप कडी बसवून घेतली होती.

“पाचवं घर झालं,” निशा म्हणाली. “सहावं नको ना, काका?”

“नको, बाई.”

मंडळ बरखास्त करायलाही ठराव, पाच प्रती आणि बत्तीसातल्या वीस सह्या लागतात, असं निघालं. काकांनी ती फाईल तयार केली आणि कपाटात ठेवून दिली. मंडळ कागदावर आहे तिथंच आहे. किल्ली खिळ्याला परत आली.

या आठवड्यात निशाला माहेरी जायचं आहे. सुदर्शनची पहिली शिफ्ट, लीलाबाईला हल्ली कमी ऐकू येतं, काकांना सकाळी उठायला उशीर होतो, केसरबाईचा काय भरवसा. पिशवी भरताना निशाचा हात तीनदा थांबला. तक्ता काढायचा मोह झाला. तिनं सायलीच्या वहीचं एक पान फाडलं आणि लिहून आपल्या दाराला चिकटवलं. वर क्रमांक नाही, खाली शिक्का नाही.

‘मी चार दिवस देवगाव रंगारीला जातेय. हे वाचणारे तुम्ही कुणीही असा, पाहुणे, पोस्टमन, नाहीतर पत्ता चुकून आलेले. तुमच्या पाठीमागच्या निळ्या दारात गोजरबाई राहतात. दुधाची पिशवी अजून बाहेरच लटकत असेल तर कडी दोनदा वाजवा आणि कान द्या. किल्ली त्यांच्या शेजारी लीलाबाईंकडे आहे. तुमची पाळी आहे का, ते विचारत बसू नका. एवढं बघून या.’