नोव्हेंबरची टाइल

मॅविस हीथच्या बैठकीतल्या शेकोटीभोवती बारा महिन्यांच्या बारा टाइल्सची जागा होती आणि त्यातली एक रिकामी होती. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमधल्या आमच्या स्टोक गावच्या चिनी मातीच्या भट्ट्यांतून असे संच निघायचे. तपकिरी रंगातली चित्रं, दर महिन्याचं एक काम. पुढे लोकांना ती जुनाट वाटू लागली. कुणी त्यांवर फळ्या ठोकल्या, कुणी फोडून टाकल्या. मॅविसनं मार्च एका बागेच्या दगडांतून उकरून काढला होता, आणि जुलै शेजारच्या फेंटन गावातल्या बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्यातून, तोही मुतारीच्या भिंतीवरचा. नवरा होता तोवर चिडवायचा, "बायका हिरे मागतात, माझी बायको मुतारी मागते." तो गेल्यावरही तिचा शोध चालूच राहिला.

नोव्हेंबर सापडला तो तिच्याच गावात, क्लेम ओकडन या म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात, गरम भांड्याखाली ठेवायला वापरलेला. वाऱ्यात वाकून काटक्या गोळा करणारी बाई, आणि तिच्या डोक्यावर म्हाताऱ्याची चहाची किटली.

"विकायची नाही," म्हातारा म्हणाला. "माझ्या बायकोनं, एल्सीनं आणलेली आहे. आमची गल्ली पाडली तेव्हा ढिगाऱ्यात शिरली होती ती. मुकादम ओरडत होता, हिनं ढुंकूनही बघितलं नाही."

"मी पुन्हा विचारीन, मिस्टर ओकडन."

"विचार की. येताना ओटकेक आण, चीज घातलेले."

मग दर गुरुवारी मॅविस ओटकेक, म्हणजे आमच्याकडची ओटच्या पिठाची धिरडी, घेऊन जाऊ लागली. ती विचारायची, तो नाही म्हणायचा, आणि मग दोघं खायला बसायचे. असं वर्षभर चाललं.

एका गुरुवारी दार म्हाताऱ्याच्या मुलीनं, जॅनेटनं उघडलं. मागे सगळं घर रिकामं होतं.

"बाबा पडले. आता वृद्धाश्रमात ठेवलंय त्यांना," ती म्हणाली.

"आणि किटलीखालची टाइल?"

"ती तडकलेली? सगळं खोक्यात भरून धर्मादाय दुकानात दिलं." जॅनेटचे डोळे सुजलेले होते. "मी एकटीनं काय काय बघायचं, तुम्हीच सांगा."

मॅविस तशीच दुकानात गेली. तिथल्या बाईनं आठवून आठवून सांगितलं, लीकच्या बाजारात जुन्या वस्तू विकणारा एक दाढीवाला खोकंच्या खोकं उचलून घेऊन गेला. शनिवारी मॅविस पहिल्या बसनं लीकला पोचली. दाढीवाला टेबल मांडतच होता. तिनं त्याची खोकी एकेक करून उपसली. तिसऱ्या खोक्याच्या तळाशी काटक्यांची बाई होती. मॅविसनं घासाघीस केली नाही.

घरी आल्यावर तिनं टाइल धुतली आणि बाकीच्यांसारखीच रिकाम्या जागी पट्टीवर टेकवली. अगदी नेमकी बसली. मॅविस कोट न काढताच खुर्चीत बसली आणि जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं हे कितीदा तरी मनात बघितलं होतं. ही टाइल इथे आहे हे कुणाला कळायचंही कारण नव्हतं. जॅनेट विसरून गेली असणार, आणि म्हाताऱ्याला ती घर आवरताना हरवली असंच वाटत असेल. पण आपण रोज बघायचं आणि त्यानं मात्र ती गेलीच असं समजून बसायचं, हे काही तिच्या गळी उतरेना. सकाळी तिनं नोव्हेंबर काढला, मफलरमध्ये गुंडाळला आणि वृद्धाश्रमाची बस धरली.

म्हाताऱ्यानं मफलर उलगडला आणि तडकलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"लीकच्या बाजारात सापडली. काल रात्री माझ्या घरी होती," मॅविस म्हणाली. "सांगून ठेवलेलं बरं."

"लावून बघितलीस?"

"बघितली."

"मग परत कशाला आणलीस, पोरी?"

"मला ती तुमच्या हातून हवी आहे. जॅनेटच्या हातून चुकून सुटलेली नको."

म्हातारा हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. "म्हणजे मागणं काही सोडणार नाहीस तू."

"नाही."

"मग मीही नाही म्हणणं सोडणार नाही."

"चालेल. गुरुवारी येते."

ती दारापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, "येताना हिच्या मागचा-पुढचा महिना घेऊन ये. एल्सीला फार वाटायचं, हिच्या शेजारी कोण असेल."

गुरुवारी मॅविसनं ऑक्टोबर आणि डिसेंबर पिशवीतून नेले. खांदा भरून आला होता. खिडकीच्या कट्ट्यावर तिनं तिन्ही टाइल्स ओळीनं लावल्या. एकीकडे सफरचंदं उतरवणारा माणूस, दुसरीकडे बर्फात ओंडका ओढणारी दोन पोरं, आणि मधे काटक्यांची बाई. म्हातारा चष्मा पुसून पुसून बघत राहिला.

"या दोन राहू देत इथे," तो म्हणाला. "पुढच्या गुरुवारी बोलू."

मॅविसनं त्याच्याकडे बघितलं, मग टाइल्सकडे. रिकाम्या पिशवीची घडी घालून तिनं कोटाच्या खिशात ठेवली आणि ओटकेकचा पुडा सोडायला घेतला.