खर्जातला बांबू

फौजदाराने राराचा, म्हणजे बांबू फुंकत गावभर फिरणाऱ्या वादकांचा, अख्खा मेळा भर दुपारी आपल्या अंगणात उभा केला होता. त्याची टर उडवणारं वर्दीतल्या कोंबड्याचं गाणं गावभर झालं होतं. ज्याचं गाणं त्याला कोठडी, असं त्याने सांगून ठेवलं होतं. गाणं मेळ्यातल्या आनेस्तिलचं. मेलेल्या मावशीने ते त्याला स्वप्नात दिलं होतं.

"कुणी रचलं?"

"वरून आलं, साहेब," आनेस्तिल म्हणाला.

"वरून म्हणजे? छपरावरून?"

कुंपणापलीकडे बाजारच्या बाया हसल्या.

"एकेकाने वाजवा."

पहिल्याने बांबू फुंकला. पूं. दुसऱ्याने फुंकला. पीं. आनेस्तिलचा सगळ्यांत लांब, खर्जातला. भों. एका बांबूत एकच सूर. फौजदाराने तो बांबू डोळ्याला लावून पाहिला, हलवला. एक मुंगळा खाली पडला.

"यात गाणं कुठंय?"

आनेस्तिललाही लहानपणापासून हेच कोडं होतं. "माझ्याकडे एवढंच आहे, साहेब."

"मग सगळे मिळून वाजवा."

आनेस्तिलने जमिनीवर थोडी रम शिंपडली.

"हे काय?"

"लेग्बाबाबांना विचारतोय. दाराचे देव ते, तिथेच बसलेले असतात. त्यांनी उघडलं तरच सूर येतात."

"अंगण माझं आहे."

"अंगण तुमचं. दार त्यांचं."

बांबू फुंकले गेले. सुरात सूर अडकत गेले आणि गाणं उभं राहिलं. शब्द मात्र कुंपणापलीकडून आले, शंभर गळ्यांतून.

"बंद करा!"

"तुम्हीच तर वाजवायला लावलंत," बाजारच्या बायांतली मादाम सिलिया बाहेरून म्हणाली. "आम्हाला वाटलं, आवडतं तुम्हाला."

अंगणात तर कुणी तोंडातून शब्द काढला नव्हता. कोठडीत कुणाला टाकायचं? फौजदाराने आनेस्तिलचा बांबू तेवढा काढून घेतला. "आता वाजवा बघू."

दुसऱ्या दिवशी मेळा निघाला. गाण्याला दर फेरीत भोक पडत होतं. आनेस्तिल रिकाम्या हातांनी चालत होता, आणि पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं त्याचं ध्यान पुन्हा पुन्हा तिथेच जात होतं.

फौजदाराच्या घरापाशी आतून आवाज आला. भों. जरा उशिरा. पुढच्या फेरीला तो नेमका जागेवर पडला.

आनेस्तिलने कुंपणावरून डोकावलं. फौजदार नुसत्या बनियनमध्ये बसला होता, डोळे मिटलेले, गाल फुगलेले. समोरची माती ओली होती आणि रमचा वास येत होता.

मादाम सिलिया कुजबुजली, "हाक मारून बांबू मागू का?"

"नको, बाई," आनेस्तिल म्हणाला. "आत्ता कुठे सूर लागलाय."

मेळा तिथेच थांबून आणखी एक फेरी वाजवत राहिला.