चार वर्षं चालू

त्या गल्लीत लाईट गेली की लोक आधी मेणबत्ती शोधत नसत. कुणीतरी गॅलरीतून ओरडे, "पूर्णिमावैनी, लाईट!" आणि मग आपापल्या अंधाराकडं वळे.

पूर्णिमा चौगुलेला खरं तर हाकेचीही गरज नव्हती. खालच्या दुकानातून यूपीएसचं टिट्‌टिट् सुरू झालं की ती हातातली भाकरी परातीत तशीच टाकून जिना उतरायची. इन्व्हर्टर लागला का बघायची, कॉम्प्युटरच्या डब्यावर पिठाचा हात ठेवायची. हाताला ऊब लागली की तिच्या जिवात जीव यायचा.

मंगळवार पेठेतलं तिचं दुकान एम्ब्रॉयडरीचं. शाळांच्या गणवेशावरचे बिल्ले, ब्लाऊजच्या पाठीवरचे मोर, आणि फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठापेठांतल्या संघांच्या जर्सीवरची चिन्हं. कॉम्प्युटरवर आधी चित्र काढायचं, मग एका खास प्रोग्रामात त्या चित्राचे टाके पाडायचे आणि ती फाईल पेन ड्राइव्हवर घालून मशीनला द्यायची. मशीनवर रुबीना मुल्ला बसायची, चित्रं पूर्णिमा काढायची. तिच्या वाघाचे डोळे बघून समोरचा संघ निम्मा गार होतो, असं गल्लीतली पोरं म्हणायची. त्यात थोडी मस्का मारायची सवय होती, पण थोडं खरंही होतं.

घोळ झाला तो त्या प्रोग्रामात. चार वर्षांपूर्वी एकदा तो अडला म्हणून तिनं लक्ष्मीपुरीतल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं दोन तास डोकं घातलं, कसाबसा तो चालू केला आणि घाम पुसत म्हणाला, "वैनी, आता ह्यो कॉम्प्युटर बंद करू नका. प्रोग्राम उघडताना त्यो दरवेळी कंपनीला विचारतोय, उघडू का म्हणून. आणि ती कंपनीच न्हाय राह्यली. आज कसा उघडला मलाबी ठावं न्हाय. उद्या उघडंल याची ग्यारंटी न्हाय."

"मग किती दिवस बंद करायचा न्हाय?"

"चालतोय तवर."

त्या दिवसापासून कॉम्प्युटर चालू होता. नेटची वायर तिनं उपसून टाकली, कारण अपडेटच्या नावाखाली हे यंत्र आपणहून बंद होतं हे तिनं ऐकलं होतं. बटणावर चिकटपट्टी लावली. खंडेनवमीला सगळी मशिनं बंद ठेवून पुजायची रीत, पण तिच्याकडं कॉम्प्युटरला चालू अवस्थेतच हळद-कुंकू लागायचं.

सुरुवातीला गल्लीला गंमत वाटली. मग सवय झाली. एकट्या आक्काला तेवढी सवय झाली नाही.

आक्का म्हणजे पूर्णिमाची थोरली बहीण. कुरुंदवाडला राहायची. नवरा गेलेला, मुलगा राजवीर सैन्यात, बायको आणि लहान पोरासह आसामात. आई लवकर गेल्यामुळं पूर्णिमाला न्हाऊमाखू घालण्यापासून सासरी पाठवण्यापर्यंत सगळं आक्कानंच केलेलं. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि शेवटी एकच वाक्य असायचं, "राहायला ये की गं कवातरी."

पूर्णिमा जायची. सकाळच्या एसटीनं जायची आणि संध्याकाळी परत यायची. राजवीरच्या लग्नातसुद्धा हळद लागली, जेवणं झाली आणि ही चप्पल शोधायला लागली. "रात्री लाईट गेली म्हंजी?" एवढंच तिनं सांगितलं होतं.  आक्कानं डब्यात लाडू भरून दिले होते.

नवऱ्याच्या भरवशावर ठेवून जावं तर तीही सोय नव्हती. धैर्यशील माणूस सोन्यासारखा, पण मैदानावर सामना असला की त्याला घर आठवत नसे. एकदा तो कॉम्प्युटर सांभाळायला बसला आणि मध्यंतरापुरता म्हणून गेला. पूर्णिमा आली तेव्हा यूपीएस शेवटचे आचके देत होता. तेव्हापासून तिनं कुणावरच भरवसा टाकला नाही. रुबीना कितीदा म्हणाली, "वैनी, मी झोपतो की हितं दुकानात, तुमी जावा." पूर्णिमा हसून विषय बदलायची.

फेब्रुवारीत आक्काचा फोन आला, तोही रविवार नसताना.

"पुन्नी, डोळ्याचं आप्रेशन हाय. मिरजंला. मोतीबिंदू पिकलाय म्हणत्यात. राजवीरला रजा न्हाय. दोन-तीन दिवस येशील?"

यावेळी पूर्णिमानं लगेच हो म्हटलं. म्हणताना तिचा आवाज मोठा निघाला, जणू स्वतःलाच बजावत होती. मग चार दिवस ती तयारीला लागली. इन्व्हर्टरमध्ये पाणी भरलं. धैर्यशीलला समोर बसवून कुठली वायर कुठं हे तीनदा म्हणून घेतलं. रुबीनाला रात्री दुकानात झोपायला चक्क स्वतःहून सांगितलं.

निघायच्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून जिना उतरत होती आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीत धडाम आवाज झाला. काळा धूर उठला. सगळ्या गल्लीची लाईट गेली.

"पूर्णिमावैनी, लाईट!"

वायरमन आला, वर बघून मान हलवून म्हणाला, "डीपी जळाली. नवीन यायला उद्या संध्याकाळ, कदाचित परवा."

इन्व्हर्टर दुपारपर्यंत टिकला असता, पुढं नाही. पूर्णिमा पायरीवरच बसली. तेवढ्यात तालमीचा गुंडू पाटील पोरं घेऊन आला. गुंडू त्या तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाचा कप्तान. त्यांच्या नव्या जर्सीवरचा गरुड याच कॉम्प्युटरवर अर्धा तयार होता आणि चारच दिवसांवर त्यांचा मोठा सामना होता.

"वैनी, काळजीचं काम न्हाय. मंडळाचा जनरेटर आणतोय."

आणि खरंच, गणपतीत वापरायचा जनरेटर हातगाड्यावर घालून त्यांनी ओढत आणला. दहा जणांनी दहा सूचना दिल्या. वायर टाकली, दोरी ओढली, जनरेटर धडधडायला लागला. दुकानाचं शटर थरथरायला लागलं. समोरच्या म्हातारीनं कानात बोटं घातली, पण खिडकीतून हलली नाही.

कॉम्प्युटर वाचला. पण आता रॉकेलवर चालणारं ते धूड कुणाच्या जिवावर सोडायचं? दर तासाला तेल घालायचं, मध्ये तो खोकला तर दोरी ओढायची. पूर्णिमा खुर्चीवर बसून राहिली. एक एसटी गेली. दुसरीची वेळ झाली.

फोन वाजला. जनरेटरच्या आवाजात ऐकू येईना म्हणून ती मागच्या मोरीत गेली.

"निघालीस व्हय?" आक्का विचारत होती.

"आक्का, हितली डीपी जळालीया. जनरेटर लावलाय. जरा बघून निघतो."

 आक्का अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आसू दे. न्हाय जमलं तर नको धावपळ करू. शेजारची बायडाबाई येतो म्हणाली हाय."

"बायडाबाई? तिलाच कुठं दिसतंय आता?"

"व्हय की. दोघी मिळून एक डोळा व्हतोय," आक्का म्हणाली आणि हसली.

ती रागावली असती, रडली असती, टोमणा मारला असता तर पूर्णिमानं नेहमीसारखं सांभाळून घेतलं असतं. पण आक्कानं बायडाबाईला आधीच सांगून ठेवलं होतं. बहीण येणार नाही हे ती धरूनच चालली होती, आणि त्यात तिला वाईटही वाटत नव्हतं.  पूर्णिमानं मोरीतल्या बादलीतलं पाणी तोंडावर मारलं.

मग ती बाहेर आली. खुर्चीवर बसली. अर्धा झालेला गरुड सेव्ह केला. सगळ्या तयार फाईली पेन ड्राइव्हवर आहेत ना ते पाहिलं. त्या होत्याच, मशीन त्यावर चालणार होतं. नवं काही पाडता येणार नव्हतं, एवढंच. तिनं माऊस खाली कोपऱ्यात नेला.

मागं उभी असलेली रुबीना ओरडली, "वैनी! काय करताय?"

"बंद करतोय."

गुंडू आत धावला. "ओ वैनी, आमचा गरुड!"

"तुझा गरुड कुठं उडून जात न्हाय. माझ्या आक्काचा उद्या डोळा हाय."

कॉम्प्युटरनं विचारलं, प्रोग्राम अजून उघडा आहे, तरीही बंद करायचा का? चार वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं 'होय' दाबलं.

पडदा काळा झाला. डब्यातला पंखा हळूहळू थांबला. बाहेर जाऊन गुंडूनं जनरेटर बंद केला आणि गल्ली इतकी शांत झाली की कुणाच्या तरी घरातल्या फोडणीचा चर्र आवाज ऐकू आला.

धैर्यशीलनं तिची पिशवी उचलली. "चल, स्टँडवर सोडतो," म्हणाला. गाडीवर बसल्यावर तिला रडू येईल असं वाटत होतं. ते आलं नाही. खूप भूक मात्र लागली.

कुरुंदवाडला आक्का दारातच उभी होती. पूर्णिमाच्या हातातल्या पिशवीकडं तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "एवढी मोठी पिशवी?"

"राहायला आलोय," पूर्णिमा म्हणाली.

आक्का वळून आत गेली आणि उगाचच भांडी घासायला लागली, घासलेलीच.

दुसऱ्या दिवशी मिरजेत ऑपरेशन झालं. पूर्णिमा डोळ्यात थेंब घालायला शिकली. आक्काला हाताला धरून न्हाणीत नेलं, तिची वेणी घातली, लहानपणी आक्का तिची घालायची तशी घट्ट. दोघी इतकं बोलल्या की बायडाबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "तोंड दुखत न्हाय व्हय गं?" पट्टी निघाल्यावर आक्कानं पहिल्यांदा बहिणीच्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "पुन्नी, तू म्हातारी झालीस की गं!"

"तूच उशिरा बघाय लागलीस," पूर्णिमा म्हणाली, आणि दोघी हसून हसून बेजार झाल्या. डॉक्टरांनी हसायचं नाही असं काही सांगितलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांचे पाच दिवस झाले. परत आली तेव्हा डीपी नवीन लागली होती. दुकानात धैर्यशील, रुबीना, गुंडू, सगळे कॉम्प्युटरभोवती उभे. कुणी हात लावला नव्हता. पूर्णिमानं नेटची वायर परत जोडली, चिकटपट्टी सोलून बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला. प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारली. तो बराच वेळ गोल गोल फिरला आणि कंपनी सापडत नाही असं सांगून मिटला. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

"गेला," ती म्हणाली.

सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिले. लांबलेल्या दुखण्यातलं माणूस गेल्यावर घरच्यांकडं बघतात तसे. पूर्णिमानं पदरानं पडदा पुसला आणि विचारलं, "रुबीना, सामन्याचं काय झालं?"

तेव्हा कळलं की रुबीना गप्प बसली नव्हती. पूर्णिमानं कच्चं म्हणून कागदावर काढलेलं गरुडाचं चित्र घेऊन ती हातकणंगल्याला तिच्या मावसभावाकडं, मोहसीनकडं गेली होती. तो नव्या प्रोग्रामवर लोकांना टाके पाडून द्यायचा. त्यानं गरुड करून दिला, जर्सी वेळेत झाल्या. सामना मात्र हरले.

"गरुडाची चूक न्हाय वैनी," गुंडू घाईनं म्हणाला. "गोलकीपरची हाय."

"मोहसीन शिकवतो म्हणालाय," रुबीना म्हणाली. "दोघींनाबी. प्रोग्राम फुकट मिळतोय, फक्त शिकायला लागतंय. मी लई दिवसांपासनं सांगणार व्हतो, पर तुमी ह्या कॉम्प्युटरपासनं हलतच नव्हता."

 इतकी वर्षं शेजारी बसणाऱ्या या बाईला पूर्णिमानं कधी काही विचारलंच नव्हतं. "मग आता सांगितलंस न्हवं," ती म्हणाली. "कवा जायचं?"

त्यानंतर दर सोमवारी दुकानाला कुलूप लागू लागलं. दोघी सकाळची गाडी धरून हातकणंगल्याला जायच्या, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मोहसीन तिशीतला, पण शिकवताना मास्तरासारखा कडक. पूर्णिमाला पहिल्या दिवशी एक सरळ रेघ धड येईना. तिसऱ्या सोमवारी तिनं पहिला गरुड पूर्ण केला. मशीनवर काढून बघितला तर चोच जाडजूड झाली होती. गुंडू तो हातात धरून बराच वेळ बघत राहिला.

"वैनी, ह्यो गरुड हाय का पोपट?"

रुबीना खुर्चीतच वाकून हसायला लागली. पूर्णिमानं कापड काढून घेतलं, चष्मा लावला, चोचीजवळचे टाके मोजले आणि पुन्हा माऊस हातात घेतला. चौथा गरुड असा जमला की गुंडूनं तो आपल्या दुचाकीच्या सीटवर शिवायला मागितला.

मे महिन्यात आक्काच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली. आक्का फोनवर म्हणाली, "आदल्या दिवशी आलीस तरी चालंल."

"आठ दिवस आधी येतोय," पूर्णिमा म्हणाली. "पापड घालूया. ऊन चांगलं हाय."