गव्हाणीतला पाव

मी एक जुनी लाकडी गव्हाण आहे. गोठ्यात गुरं जिच्यातून चारा खातात, ती. नाकं मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या ताटांपेक्षा जास्त पोटं मी भरली आहेत.

सुताराने मला पडलेल्या झाडाच्या एका ओंडक्यातून कोरलं. काम असं चोख, की इतक्या वर्षांत एकाही जिभेला ओरखडा आला नाही. पण माझा खरा मान आजीमुळे. आजी म्हणजे शेतमालकाची आई. तिचा हात फिरल्याशिवाय माझ्यात काडी पडत नसे. बुरशीचा चारा ती वासावरून ओळखी. आणि जीभ? विळा बरा! कुणी अवेळी मूठभर काही टाकलं, की कडाडायची, "जनावराचं पोट आहे ते, तुझ्या खरकट्याचं पिंप नाही!" माणसं तिला टरकून असत. गुरं मात्र टुणटुणीत.

मग तिच्या मुलाने शेतात चार तंबू उभारले. आत गाद्या, पंखे, गरम पाणी. शहरातली कुटुंबं सुट्टीला येऊ लागली. आजीने दोघा-तिघांना झाडलं, ते रागावून निघून गेले. मुलाने हात जोडले, "आई, पाहुण्यांना एक शब्द बोलू नकोस."

"बरं बाबा, शिवून घेते तोंड."

एका सकाळी चारही तंबूंतली मुलं नाश्त्याचा उरलेला पाव घेऊन आली. गोठ्यातलं वासरू तीन महिन्यांचं, भारी हावरट. एका तंबूची मुलं टाकून गेली, की दुसऱ्याची येत. प्रत्येकाला वाटे, भरवणारे आपणच. "आई, किती भूक लागलीय गं त्याला!" एक चिमुरडी टाळ्या पिटत होती.

आजी दारात उभी होती. तिचे ओठ हलले. तेवढ्यात तिच्या मुलाने लांबूनच डोळे वटारले. आजीने शेणाची पाटी उचलली आणि पाठ फिरवली. मला कुठलं तोंड? पाव संपेपर्यंत वासराची खरबरीत जीभ माझ्या तळाला घासत राहिली.

दुपारी इतक्या पावाने वासराचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. गुरांच्या डॉक्टरने नळी घातली, पण उशीर झाला होता. मुलं गाडीतून टाटा करत गेली. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

"आई, तू अडवायचं तरी होतंस," मुलगा रडत म्हणाला.

"तू गप्प केलंस, ते सोड. मी गप्प बसले, ते माझं पाप."

आता मी तंबूंपुढे असते. माझ्यात माती भरून फुलझाडं लावली आहेत. पाहुणे कौतुक करतात. आजी इकडे फिरकत नाही.

मित्रांनो, मुक्या जिवाला मायेने काही द्यायचं असलं, तरी आधी त्याच्या माणसाला विचारा. आणि घरात कुणी खेकसणारं म्हातारं असेल, तर खेकसू द्या त्याला. आमच्याकडे आता कुणी ओरडत नाही. वासराची आई गोठ्यात हंबरते, तेवढाच आवाज.